वितरकाचा सेल्समन कसा निवडावा?

प्रश्न : किराणा मालाच्या वितरकाने सेल्समन घेताना मुलाखतीत काय पाहावे?

उत्तर : वितरकाच्या सेल्समनचे काम ऑर्डर घेण्यावर संपत नाही. ठरलेल्या बीटवरची, म्हणजे नेमून दिलेल्या फेरीतली, दुकाने फिरणे, उधारीची वसुली, मुदत संपलेल्या मालाच्या तक्रारी हे सगळे त्याच्याच गळ्यात असते. म्हणून बीट, पगार, इन्सेंटिव्ह आणि पेट्रोलभत्ता मुलाखतीआधीच कागदावर उतरवावा. हे मोघम राहिले की माणूस टिकत नाही.

गोड बोलण्याला फार भाव देऊ नये. जुने बिल थकवून नवा माल मागणाऱ्या दुकानदाराचा प्रसंग उमेदवारासमोर ठेवावा. लगेच माल देणारा आणि ताडकन नकार देणारा, दोघेही अडचणीचेच. थकबाकीतले थोडे पैसे घेऊन छोटी ऑर्डर लिहिणारा कामाचा. हिशेबासाठी एक तोंडी गणित पुरते : 12 नगांवर 1 मोफत, तर 60 नगांवर किती?

त्यानंतर उमेदवाराला अर्धा दिवस जुन्या सेल्समनबरोबर बीटवर पाठवावे. गल्ल्यावर गिऱ्हाइकांची गर्दी असताना तो बाजूला थांबतो का, आणि तेवढ्यात फळीवरचा उरलेला माल न सांगता मोजतो का, हे खुर्चीत बसून कळत नाही.