लष्करी ट्रकची सीट इतकी कडक का, आणि ती सुखाची कशी करावी?

प्रश्न : लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेला जबलपूरचा जुना ‘वन टन’ ट्रक मी हौसेने विकत घेतला. इंजिन ठणठणीत आहे, गिअर नीट पडतात. पण तासभर चालवला की कंबर धरते आणि मांड्यांना मुंग्या येतात. सीटवाल्याकडून सहा इंच जाड फोम घालून घेतला, तर हादरे वाढल्यासारखे वाटतात आणि डोळे काचेच्या वरच्या चौकटीला येतात. आपल्या अंगाच्या मापाची सीट करून घेता येते का? आणि मुळात सैन्याने इतकी कडक सीट बसवलीच का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मापाची सीट नक्की करून घेता येते, आणि त्यासाठी फार खर्चही येत नाही. मात्र त्याआधी मऊ सीट म्हणजे आरामाची सीट हा समज सोडून द्यावा लागेल. तुमचा सहा इंची फोम तिथेच फसला.

आधी कडकपणाची कारणे पाहू. जबलपूरच्या संरक्षण कारखान्यांनी मान या जर्मन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून शक्तिमान ट्रक बांधले. निसानच्या परवान्यावर वन टन आणि जोंगा बांधले. अशा गाड्यांच्या सीटचा विचार करताना चालकाचा आराम यादीत बराच खाली असतो. पट्टे, पिशव्या आणि बंदूक सांभाळत चालकाला पटकन चढता-उतरता यावे, पावसात भिजलेली सीट वाळावी, फाटली तर युनिटमध्येच शिवता यावी, आणि बैठक उचलली की खालची जागा वापरता यावी, या गरजा आधी. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये तर चालकाच्या सीटखालीच सुमारे ५७ लिटरची पेट्रोलची टाकी होती. पेट्रोल भरायचे तर आधी चालकाला उठवावे लागे. वर कॅनव्हासची पातळ गादी, खाली टाकी. तिथे ऐसपैस सीट मावणार कुठे?

दुसरे कारण पाट्यांचे. वन टनचे पाटे पूर्ण भार घेऊन डोंगरदऱ्यांतून जाण्यासाठी आहेत. तुम्ही तो रिकामा चालवता, त्यामुळे पाटे जवळजवळ वाकतच नाहीत आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट सीटपर्यंत पोचतो. म्हणून सीटवाल्याकडे जाण्याआधी गॅरेजात जा. पाट्यांच्या पानांमधला गंज काढून ग्रीस करून घ्या, शॅकल मोकळे फिरतात का पाहा, शॉकॲब्सॉर्बर गळत असतील तर बदला. टायरमधली हवा रिकाम्या गाडीसाठी पुस्तिकेत दिली आहे तितकीच ठेवा. भरल्या ट्रकची हवा रिकाम्या ट्रकला भरली की टायर दगडासारखे होतात. मागच्या एक्सलच्या वर दोन-तीनशे किलो वाळूची पोती घट्ट बांधून एक फेरी मारून बघा. सीटला हात न लावताही बराच फरक जाणवेल.

प्रश्न : पण जाड फोमने हादरे वाढले कसे?

उत्तर : बसलेल्या माणसाच्या शरीराला वर-खाली होणारे सगळे हादरे सारखे बाधत नाहीत. सेकंदाला चार ते आठ वेळा येणारे हादरे कण्याला आणि पोटातल्या अवयवांना सगळ्यात जास्त जाणवतात. आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानकही याच पट्ट्याला सर्वाधिक वजन देते. गंमत अशी की फोमच्या गादीवर माणूस बसला की ती गादी आणि माणूस मिळून सेकंदाला साधारण चार वेळाच हिंदकळतात. म्हणजे त्या तालाचा हादरा खालून आला की फोम तो शोषत नाही, उलट वाढवून वर पाठवतो. फोम जितका जाड आणि ढिला, तितके हे हिंदकळणे मोठे. बारीक, जलद थरथर मात्र फोम चांगली खातो. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा.

शिवाय तुमच्या ट्रकचा क्लच जड, स्टिअरिंगला पॉवर नाही. क्लच दाबताना पाठीला मागून टेका लागतो. पाठ मऊ असेल तर पायाचा निम्मा जोर ती दाबण्यातच जातो आणि कंबर वळते.

प्रश्न : मग सीट नेमकी कशी करून घ्यावी?

उत्तर : माप घेण्यापासून सुरुवात करा, आणि माप दुकानात न घेता ट्रकमध्ये बसून घ्या. रोजचे बूट घाला, क्लच पूर्ण दाबा आणि चार गोष्टी बघा. गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. मांडी आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये हात फिरायला हवा. समोर बघताना नजर काचेच्या वरच्या तिसऱ्या भागात यावी, चौकटीवर नाही. आणि बैठकीची पुढची कड व गुडघ्याची मागची लवण यांच्यात दोन-तीन बोटे जागा सुटावी. तुमच्या मांड्यांना मुंग्या येतात त्या बहुधा इथूनच: बैठक लांब आहे किंवा पुढची कड उंच आणि धारदार आहे, त्यामुळे मांडीखालच्या नसा दबतात. ती कड गोल करून थोडी उतरती करा.

बैठक मागच्या बाजूला किंचित खाली ठेवा. ब्रेक मारल्यावर माणूस पुढे घसरत नाही. पाठ साधारण शंभर ते एकशे दहा अंशांत कललेली असावी. १९६० च्या दशकात स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला होता. पुढे त्याच धर्तीवर झालेल्या प्रयोगांत पाठ मागे कलली आणि कंबरेला आधार मिळाला की हा दाब उतरतो असे दिसले. म्हणून पट्ट्याच्या जरा वर, कंबरेच्या बाकात बसेल असा दोन-तीन सेंटीमीटरचा उंचवटा पाठीला हवाच. फार कललेली पाठ मात्र इथे नको. पॉवर नसलेले मोठे स्टिअरिंग लांबून ओढताना खांदे भरून येतात.

आता गादी. बाजारात ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे आकडे सांगतात. हा आकडा एका घनमीटर फोमचे किलोतले वजन आहे. फोम किती टिकेल हे त्यावरून कळते, तो किती कडक आहे हे नव्हे. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो आणि टणकही, तेव्हा हाताने दाबून, बसून घ्या. तळाला चार-पाच सेंटीमीटर रिबॉन्डेड किंवा टणक फोम, वर तीन-चार सेंटीमीटर एचआर फोम, एवढे पुरते. एचआर दाबला की लगेच मूळ आकारावर येतो. जुन्या बसच्या आणि ट्रकच्या गाद्यांत रबर लावलेला काथ्या असे. तो मिळाला तर तळाच्या थराला आजही उत्तम, कारण त्यातून हवा खेळते.

जाणता कारागीर इथे काय करतो ते बघण्यासारखे असते. तो तुम्हाला कच्च्या फोमवर बसवतो, उठवतो आणि खडूने दोन गोल आखतो, बसताना ज्या दोन हाडांवर सगळा भार येतो तिथे. मग हॅकसॉचे पाते आडवे धरून त्या जागी सेंटीमीटरभर खोलगट तासतो आणि मागे माकडहाडासाठी खाच काढतो. दोन्ही थरांना रबर सोल्युशन लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबतो आणि मगच थर जोडतो. घाई केली तर थर सरकतात आणि आत गुठळी होते. हे झाले की लगेच शिवायला देऊ नका. फोम दोरीने बांधून, वर जुनी चादर टाकून अर्धा-पाऊण तास ट्रक चालवा. जिथे दुखेल तिथे परत तासून घ्या. कव्हर चढल्यावर दुरुस्तीसाठी शिवण उसवावी लागते.

खालच्या प्लायवूडला आठ-दहा भोके पाडायला सांगा. बसल्यावर गादीतली हवा त्यातून निघून जाते. नाही तर रेक्झिन फुगते आणि टाक्यांवर फाटते. पावसाचे पाणीही त्यातूनच निथळते. कव्हरला माझी पसंती जाड कॅनव्हासला. रेक्झिन पुसायला सोपे, पण एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या ट्रकमध्ये ते चटका देते आणि पाठ घामाने भिजवते.

प्रश्न : नव्या ट्रकची किंवा ट्रॅक्टरची स्प्रिंगवाली सीट बसवली तर?

उत्तर : रोज लांबचा प्रवास असेल तर हा उत्तम उपाय. खालची कात्री, स्प्रिंग आणि डँपर मिळून सेकंदाला चार ते आठचे हादरे खरोखर कमी करतात, जे फोमला जमत नाही. अटी दोनच. सीट तुमच्या वजनाला लावून घ्यावी, नाही तर प्रत्येक खड्ड्यात ती तळाला आपटते आणि तो धक्का साध्या सीटपेक्षा वाईट. आणि तिच्या यंत्रणेला बरीच उंची लागते, जी तुमच्या ट्रकमध्ये आधीच कमी आहे. आधी टेप लावून मोजा, मग पैसे मोजा.

प्रश्न : यात धोका किंवा कायद्याची अडचण काही?

उत्तर : सीटखाली टाकी किंवा बॅटरी असेल तर जागेवर वेल्डिंग करू देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. बॅटरीवर झाकण हवे. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये मागच्या सीटच्या स्प्रिंगा खालच्या बॅटरीच्या टोकांना टेकून आगी लागल्या आहेत. नवी चौकट मूळ बोल्टांच्या भोकांवरच बसवा, पत्रा पातळ असेल तर खालून जाड पट्टी द्या. पट्टा लावणार असाल तर तो सीटला न अडकवता मजबूत जागी, चॅसीशी जोडून घ्या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, म्हणून आसनांची संख्या बदलू नका. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांखाली ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असेल, तर ती मूळ रूपात असावी अशी अपेक्षा आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार चालत नाही. आरटीओत आधी विचारून घ्या.

आणि मूळ सीट भंगारात देऊ नका. नवी चौकट जुन्याच बोल्टांवर बसवली असेल, तर प्रदर्शनाच्या दिवशी जुनी परत लावायला पंधरा मिनिटे लागतात. जबलपूरच्या अशा सीटा आता पुन्हा कोणी बनवणार नाही.