परसातील वांग्याचे बी

परसबागेत बहुधा असे घडते की, पहिली टपोरी वांगी भाजीस जातात आणि हंगाम सरतेवेळी झाडावर उरलेले एखादे वाकडे, किडके फळ बियांसाठी ठेवले जाते. पुढील वर्षी झाडे हलकी निघाली म्हणजे दोष मात्र जमिनीस दिला जातो.

बियांसाठी आधी फळ नव्हे, झाड निवडावे. पहिली फळे धरताच निरोगी व जोमदार झाडांस चिंधी बांधून खूण करावी. त्यांवरील दोन-तीन चांगली फळे पूर्ण पिकून पिवळी पडेपर्यंत तोडू नयेत. भाजीच्या कोवळ्या वांग्यातील बी अपक्व असते, ते उगवत नाही. घरात भाजीची अडचण असता अशी फळे राखणे गृहिणीस जड जाते, हे खरे. म्हणून चिंधीचा अर्थ घरातील सर्वांस आधीच सांगून ठेवावा.

वांग्याचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, तथापि मधमाश्यांमुळे काही संकर होतोच. शेजारी दुसरी जात असल्यास राखावयाच्या कळ्यांवर फूल उमलण्यापूर्वी मलमलीची पिशवी बांधावी व फळ धरल्यावर ती सोडावी.

पिकलेल्या फळाचा गर पाण्यात कुस्करावा. तरंगणारे पोचट बी टाकून तळाचे धुऊन घ्यावे, सावलीत पातळ पसरून खडखडीत वाळवावे व घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. संकरित जातीचे बी धरू नये. त्याची झाडे एकसारखी निघत नाहीत.