हलकं होण्याच्या नादात

डॉक्टर मॅडमनी नडगीवर बोट दाबलं तशी मी ओरडले. त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?" दुखतोय पाय आणि मॅडम हे काय विचारतायत, असं मला वाटलं. आठवू लागले तर ऑगस्ट आठवला, आणि डिसेंबर सुरू होता. चार महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. कटकट मिटली, सरावाचे दिवस वाया जात नाहीत, म्हणून मनातून बरंच वाटत होतं.

ही २०२२ ची गोष्ट. पोलीस भरतीच्या तयारीसाठी मी फुलंब्री तालुक्यातल्या गावाहून छत्रपती संभाजीनगर शहरात आले होते. टीव्ही सेंटरजवळ चौघींत एक खोली, दोन वेळची मेस आणि पहाटे विद्यापीठाच्या मागे लेण्यांच्या रस्त्याला धावणं. मुलींना ८०० मीटर असतात. २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलात तर २० पैकी २० गुण. माझी वेळ होती ३ मिनिटं ४ सेकंद. मैदानावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच सल्ला होता, वजन उतरव, पाय हलके होतील. त्यातच ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेंनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांची वेळ देऊन रौप्य आणलं. सैन्यात असताना वाढलेलं वजन त्यांनी कसं उतरवलं, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. त्यांच्याकडे उतरवायला जास्तीचं वजन होतं, माझ्याकडे नव्हतं. हा फरक मला कळला नाही. मी ५१ किलोची होते.

भात सोडला. भाकरी दोनाची अर्धी केली. सकाळी रिकाम्या पोटी धावायचं, आल्यावर चहा आणि दोन बिस्किटं. आई एसटीत कंडक्टरच्या हाती शेंगदाण्याचे लाडू आणि दशम्या पाठवायची. मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन मी तो डबा घ्यायचे आणि खोलीतल्या मुलींना वाटून टाकायचे. त्या डब्याची आठवण आजही टोचते.

फसगत कुठे होते ते नीट समजून घ्या. पहिल्या दीड महिन्यात माझी वेळ खरोखर सुधारली, २ मिनिटं ५५ सेकंदांवर आली. मग कोण थांबणार? नवरात्रात नऊ दिवस उपवास धरला, पहाटे कर्णपुऱ्याला देवीच्या दर्शनाला पायी जायचं आणि तिथून सरावाला. खाणं म्हणजे साबुदाणा. साबुदाण्यात जवळपास नुसता स्टार्च असतो. प्रथिनं नावापुरती, लोह त्याहून कमी. दसऱ्यानंतर केस गळू लागले, जिना चढताना धाप लागायची, रात्री झोप यायची नाही. वेळ पुन्हा ३ मिनिटं १० वर गेली. जिथे सराव करायचे तिथले प्रशिक्षक म्हणाले, मेहनत कमी पडतेय. मी फेऱ्या वाढवल्या.

मग नडगी दुखू लागली. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. हाडाला गेलेला बारीक तडा सुरुवातीला अनेकदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये तो दिसला. हिमोग्लोबिन ८.२ निघालं. बाईमाणसाचं ते किमान १२ तरी असायला हवं. वजन ४४.

मॅडमनी मला कागदावर समजावून सांगितलं. धावण्यात जेवढी ऊर्जा जाते तेवढी ताटातून आली नाही, तर शरीर काटकसर करतं आणि सगळ्यात आधी ज्याशिवाय आज जगता येतं ते बंद करतं. पाळी त्यात पहिली. पाळीबरोबर इस्ट्रोजेन घटतं, आणि हाडं मजबूत ठेवणारं तेच असतं. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये 'रेड-एस' असं नाव दिलं. मुलांनाही ती होते, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी धोक्याची घंटा नसते.

जानेवारी २०२३ मध्ये मैदानी चाचण्या सुरू झाल्या तेव्हा मी गावी खाटेवर होते.

सावरले ते घरच्याच खाण्यावर. धावायच्या अर्धा तास आधी एक केळं किंवा तीन-चार खजूर. आल्यावर तासाभरात दोन अंडी आणि भाकरी, अंडी नसतील तेव्हा मोड आलेली मटकी आणि दूध. दोन्ही जेवणांत पोटभर भाकरी-भात, कारण धावणाऱ्याचं इंधन तेच आहे. शहरात परतल्यावर मेसवाल्या काकूंना मी वरचं पाणी नको, तळाचं घट्ट वरण वाढा म्हणून सांगायला लागले, आणि त्या वाढतात. सराव करणाऱ्याला किलोमागे रोज १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या मुलीला किमान ६०. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२, तेवढ्याच फुटाण्यांत साधारण १०. हा हिशेब डब्याच्या पैशात बसतो.

जेवणाला लागून चहा घेणं मात्र सोडाच. चहामुळे बाजरीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलं तर उलट जास्त लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, आणि प्रोटीन पावडरीही टाळायला सांगितल्या आहेत. आमच्या मैदानावर मुलं घरून आलेल्या पैशातून पावडरीचे डबे आणतात आणि दुपारी वडापाववर राहतात. हे बघून जीव तुटतो.

हल्ली पहाटे मी दहा-बारा मुलींबरोबर धावते. मुलगी नवीन आली की वेळ नंतर विचारते, आधी काय खाऊन आलीस ते विचारते. आणि पाळीचं विचारते, मोठ्याने, सगळ्यांसमोर, म्हणजे लाजण्यासारखं त्यात काही नाही हे त्यांना कळतं.

मुलींनो, सराव करताना पाळी दोनदा चुकली तर तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका. बूट खोलीवर ठेवा आणि घाटी रुग्णालयात जाऊन रक्त तपासून घ्या.