एलएसडी : दोन चाकांमधली वाटणी



अकरावीच्या वर्गात टॉर्क शिकवायला घेतला की एखादा मोटारवेडा कॅडेट हमखास विचारतो, "सर, एलएसडी बसवली तर गाडी जास्त पळेल का?" एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. मी सांगतो, इंजिनची ताकद तिने एका न्यूटन-मीटरनेही वाढत नाही. आहे ती ताकद रस्त्यापर्यंत पोहोचते की वाया जाते, एवढाच तिचा प्रश्न. आज तोच नीट समजून घेऊ.

डिफरन्शियल लागतोच कशाला?

संचलनात "दाहिने घूम" हा हुकूम आठवा. रांगेतला आतला कॅडेट पाऊल आखडतो, बाहेरचा लांब टाकतो, म्हणून रांग सरळ राहते. वळणावर गाडीच्या चाकांचेही असेच होते. दोन मागच्या चाकांत दीड मीटर अंतर धरा. काटकोनात वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त चालते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. का, ते वर्तुळाच्या परिघाच्या सूत्राने तुम्हीच पडताळा. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर बसवली, तर एक टायर घासत जाणार.

म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो. इंजिन क्राऊन व्हील फिरवते. त्याला जोडलेल्या पिंजऱ्यात छोटे स्पायडर गिअर असतात आणि ते दोन्ही बाजूंच्या साइड गिअरना ढकलतात. तराजूच्या दांडीप्रमाणे हा स्पायडर गिअर दोन्हीकडे सारखाच जोर देतो. म्हणून नियम असा : चाकांचा वेग वेगवेगळा असू शकतो, टॉर्क मात्र दोघांना समान.

समान वाटणीचा तोटा

डावे चाक चिखलात आहे. १०० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त जोर लावला की ते घसरते. उजवे चाक कोरड्या डांबरावर आहे, ते ५०० पेलू शकते. पण वाटणी समान, म्हणून उजव्यालाही १०० च मिळतात. एकूण २००. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, डावे चाक नुसते गरगर फिरेल आणि गाडी जागची हलणार नाही.

वेगवान गाडीला यासाठी चिखलही लागत नाही. वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो, आतले हलके होते आणि जोर दिला की तेच फिरू लागते. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेल्या ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांना हाच त्रास होता. ताशी १६० किलोमीटर वेगापर्यंतही एक मागचे चाक घसरून फिरे. १९३५ मध्ये पोर्शे यांनी झेडएफ या जर्मन कंपनीकडून यावर उपाय करून घेतला. तोच हा घसरण आवरणारा डिफरन्शियल.

तीन मुख्य प्रकार

पहिला क्लच प्लेटचा. दोन्ही बाजूंना प्लेटांची चवड असते. स्प्रिंग आणि उतरते खाचे त्या प्लेटा दाबतात आणि चाकांच्या वेगातला फरक रोखतात. फक्त जोर देताना आवळणारा तो वन-वे. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तितकाच आवळणारा तो टू-वे. मधला दीड-वे. यातल्या प्लेटा झिजतात, त्यांना खास तेल लागते.

दुसरा व्हिस्कस. प्लेटांमध्ये घट्ट सिलिकॉन द्रव असतो. चाकांच्या वेगात फरक पडला की द्रव त्यांना ओढून धरतो. काम मऊ, पण आधी चाक घसरते आणि मग परिणाम दिसतो.

तिसरा टॉर्सेन. यात प्लेटा नाहीत. तिरप्या दात्यांचे गिअर जोर येताच एकमेकांवर दाबले जाऊन आवळतात. त्याचे माप म्हणजे बायस रेशो. हा ३ असेल, तर कमजोर चाक जेवढे पेलेल त्याच्या तिप्पट टॉर्क दुसऱ्याकडे जाऊ शकतो. वरच्या उदाहरणात १०० अधिक ३००, म्हणजे ४००. पण चाक हवेत लटकले तर? शून्याची तिप्पट शून्यच. अमेरिकन सैन्याच्या हमवी गाडीत टॉर्सेन असतो. चाक अधांतरी झाले की तिचा चालक ॲक्सिलरेटर देतानाच ब्रेकही हलका दाबतो. ब्रेकमुळे त्या चाकाला विरोध मिळतो आणि त्याच्या पटीत टॉर्क जमिनीवरच्या चाकाकडे जातो.

बदल करताना

माझदा एमएक्स-५ चे उदाहरण घेऊ. १९८९ च्या १.६ लिटर गाडीत व्हिस्कस एलएसडी मिळत असे. १९९४ च्या १.८ लिटर मॉडेलपासून टॉर्सेन आला. जुन्या गाडीचे अनेक मालक तो बसवतात. पण त्याचे क्राऊन व्हील ६ ऐवजी ७ इंची, म्हणून दोन्ही हाफ शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही बदलावे लागतात. गिअरचे प्रमाण ४.३ चे ४.१ होते, त्यामुळे प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर थोडा कमी होतो. शिवाय या गाडीत स्पीडोमीटर गिअरबॉक्सवर चालतो. तो न जुळवल्यास ताशी १०० च्या वेगाला ९५ च दाखवतो. एक भाग बदलला की साखळीतले पुढचे सगळे तपासावे लागते ते असे.

आता सर्वांत महत्त्वाचे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले तरी दुसरे रस्ता धरून असते आणि गाडीचा मागचा भाग जागेवर ठेवते. एलएसडी फार घट्ट असेल, तर ओल्या घाटात दोन्ही मागची चाके एकदम सुटतात आणि गाडी आडवी होते. म्हणून आधी चांगले टायर, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, त्यानंतर एलएसडी. रस्त्यावरच्या गाडीला मवाळ टॉर्सेन बरा. टू-वे शर्यतीच्या मैदानासाठी ठेवा. एका आसावरचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत.

आणि कार्यशाळेतला नियम : एलएसडी असलेल्या गाडीचे एकच चाक जॅकवर उचलून ती गिअरमध्ये चालू करू नका. जमिनीवरच्या चाकाला टॉर्क मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

सरावासाठी : बायस रेशो २.५ आहे, कमजोर चाक १२० न्यूटन-मीटर पेलते. साध्या डिफरन्शियलने एकूण किती टॉर्क मिळेल आणि टॉर्सेनने जास्तीत जास्त किती? मजबूत चाक २५० च पेलू शकत असेल, तर उत्तर काय? वही घेऊन या, तपासून देतो.