श्रीखंड्या कुणाला ओळखू आला?

अगं, "ताई, देव खरंच आपल्याकडे बघतो का?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी लगेच हो म्हणाले. पण नुसत्या होकाराने तुझं समाधान झालं नाही, हे तुझ्या आवाजावरून कळलं. नोकरीसाठी संभाजीनगरला एकटी आलीस, त्यात बाबांचं आजारपण. अशा वेळी कुणी घाईघाईने "सगळं चांगल्यासाठीच होतं" म्हटलं की जीव आणखीच तुटतो. मी ते म्हणणार नाही. ज्याच्या घरावर दुःख कोसळलंय, त्याला देवाच्या मनातलं समजावून सांगायचा अधिकार मला नाही.

पण तू संत एकनाथांच्या मुलखात राहतेस, तर नाथांच्याच घरातलं सांगते.

पैठणला नाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीखंड्या नावाचा गडी गोदावरीवरून कावडीने पाणी आणून तो भरायचा, पूजेचं गंध उगाळायचा. अशी बारा वर्षं गेली. मग द्वारकेहून एक ब्राह्मण कृष्णाला शोधत नाथांच्या दारात आला, तेव्हा श्रीखंड्या म्हणजे खुद्द कृष्णच, असा सगळ्यांना उलगडा झाला. तोवर श्रीखंड्या निघून गेला होता. आजही तुकाराम बीजेला त्या रांजणाची पूजा होते, माणसं पाणी आणून ओतत राहतात आणि ज्याच्या घागरीने तो भरून वाहतो, त्याच्या हातून देवानेच पाणी घातलं असं मानतात.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण बघ ना, रोज समोर वावरणारा देव नाथांनाही ओळखू आला नाही. मग आजारपणाच्या धावपळीत तुला तो दिसला नाही, तर तुझी श्रद्धा कमी पडली असं मनाला लावून घेऊ नकोस. आणि त्याने घरात येऊन केलं काय? पाणी भरलं. घराला जे लागत होतं, ते केलं.

पाण्याचं मोल आपल्या शहराला कुणी सांगायला नको. पैठणच्याच नाथसागर जलाशयातून आपल्याला पाणी येतं, तरी कित्येक वसाहतींत वर्षानुवर्षं चार-चार, आठ-आठ दिवसांनी नळ येतो. मी सिडकोत नवीन राहायला आले तेव्हा नेमकी कामावर असताना नळ यायचा. शेजारच्या काकू आपलं पाणी भरून झालं की माझे ड्रम भरून ठेवायच्या. तेव्हा मी त्याला शेजारधर्म म्हणायचे, आज देवाची कृपा म्हणते, आणि मला दोन्ही तितकंच खरं वाटतं. फक्त काकूंचे कष्ट देवाच्या खात्यात टाकून त्यांचे आभार मानायचे राहिले, असं होऊ देऊ नये.

देवाला ओळखायचं कसं, म्हणशील. दौलताबादच्या किल्ल्यात गुरू जनार्दनस्वामींकडे असताना नाथ हिशेब लिहायचे. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिवा लावून ते वह्या चाळत बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. एका पैसाठी एवढी एकाग्रता, तर ती देवाकडे का लावत नाहीस, असं स्वामींनी त्यांना सुचवलं. तीच नजर मला हवी वाटते. बढती, निकाल, फ्लॅट यांत देव शोधायला मी कचरते. ज्याला ते मिळालं नाही, त्याच्याकडे देवाने पाठ फिरवली असं म्हणायचं का? त्यापेक्षा रात्री पडल्या पडल्या दिवस आठव. न मागता काय मिळालं, कुणाच्या हातून मिळालं?

घाटी रुग्णालयात बाबांच्या खाटेशी बसली होतीस, तेव्हा शेजारच्या पेशंटबरोबरच्या मावशींनी अर्धी भाकरी आणि ठेचा पुढे केला, असं तूच सांगितलंस. सांगताना रडलीसही. त्यांचा पेशंट तुझ्या बाबांपेक्षा जास्त आजारी होता, तरी त्यांचं लक्ष तुझ्या उपाशी पोटाकडे गेलं. बाबा बरे होण्यासाठी प्रार्थना तर करूच, मीही रोज करते. पण ती भाकरी विसरू नकोस. बाबांना घरी सोडलं तरी एकदा वॉर्डात जाऊन मावशींची चौकशी कर, जाताना डबा ने.

आणि हो, तुझ्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या आजी राहतात ना, ज्यांना कमी ऐकू येतं? नळ आल्याचं त्यांना कोण सांगतं गं?