लॅब शेवटावर ढकलू नकोस

सातारा

चि. मुक्तास,


भाऊबीजेच्या फोनवर वहिनी बोलून गेली, की तुझ्या कॉलेजातला सक्तीचा लॅब सायन्सचा कोर्स तू शेवटच्या सेमिस्टरवर ढकलला आहेस. तेव्हाही खगोलशास्त्रच घेणार, कारण मैत्रीण म्हणाली, ‘त्यात नुसते तारे बघायचे.’ त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. इतिहासाचे सगळे पेपर उत्तम, आणि एका लॅबपायी पदवी अडकली तर? दादाने पेठेतली जागा कशासाठी विकली, हे तुला सांगायला नको.

खगोलशास्त्रात नुसते तारे नसतात गं. प्रकाशाचा वर्णपट येतो, केप्लरचे नियम येतात, त्यांच्यामागून गणित येतं. ओढ असेल तर जरूर घे. ऐकीव ‘सोपं’ म्हणून घेऊ नकोस. आधी सिलॅबस वाच. लॅब किती तास, गणित किती, रिपोर्ट किती लिहायचे, ते बघ. लॅबची नोंदणी वेगळी करावी लागते का, तेही विचारून घे. डॉक्टर होणाऱ्या मुलांच्या केमिस्ट्रीत शिरू नकोस. इतर शाखांच्या मुलांसाठी वेगळे कोर्स असतात. आणि काहीही घे, पण येत्या सेमिस्टरलाच घे. शेवटी ठेवलंस आणि चुकलं, तर सावरायला पुढे जागाच उरत नाही.

मला विचारशील, तर भूशास्त्र घे. वेरूळच्या कैलास लेण्यावर तू किती जीव ओतून लिहिलं होतंस! ते ज्या काळ्या बेसॉल्टात वरून खाली कोरलं, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. आपला अजिंक्यताराही त्याच लाव्ह्याचा. लॅबमध्ये दगड हातात देतात. नखाने ओरखडा उठतो का, काचेवर चरा पडतो का, ते बघायचं. कठीणपणाच्या मोहस मापात नख साधारण २.५, काच ५.५, क्वार्ट्झ ७. सोन्यासारखा दिसणारा पायराइट खरखरीत चिनीमातीवर घासला की काळपट रेघ उमटते, सोन्याची पिवळीच. जुना कागद खरा की खोटा, हे तू असंच पारखतेस ना?

एक गोष्ट दादालाही माहीत नाही. अकरावीला पहिल्याच प्रॅक्टिकलला माझ्या हातून ब्युरेट फुटली. सर सगळ्या वर्गासमोर बोलले. पुढच्या आठवड्यात मी आर्ट्सला नाव बदलून घेतलं आणि घरी सांगितलं, मला मराठीची आवड आहे. आवड होतीच, पण गेले मी भीतीने. पस्तीस वर्षं मुलींना मराठी शिकवलं, त्याचं समाधान आहे. तरी शाळेच्या प्रयोगशाळेवरून जाताना पाय घुटमळायचा. तुझं तसं होऊ नये, एवढंच.

फार बोलले का? रागावू नकोस, बाळा. हातून काही फुटलं तर फुटू दे. अडलं तर प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन बस. विचारण्यात कमीपणा नाही. आणि मार्क थोडे कमी पडले, तरी तू आमची तीच मुक्ता.

पाच वर्षांची असताना अजिंक्यताऱ्यावरून तू एक पांढरा, चमकणारा खडा फ्रॉकच्या खिशातून आणला होतास. ‘आत्या, हा कसला?’ विचारलंस, आणि मला सांगता आलं नाही. तो माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. उन्हाळ्यात आलीस की काचेवर घासून बघू. या वेळी तू मला सांग.

तुझी,
आत्या