गणिताची समीकरणे संगणकावर कशी टाइप करावीत?



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आज एखादा मास्तर किंवा बाई आहेतच. मुलगा हायस्कुलात शिकवतो, नाहीतर सून ज्युनिअर कॉलेजात गणित घेते. पूर्वी प्रश्नपत्रिका स्टेन्सिलवर कोरायची, आता ती घरच्याच संगणकावर वर्डमध्ये टाइप होते. साधा मजकूर कुणालाही जमतो. गाडी रुतते ती गणितापाशी. म्हणून हा पाठ आम्ही देत आहोत. घरच्या मास्तरांना तो जरूर दाखवावा.

पाचाचा वर्ग म्हणजे २५. पण वरचा बारका २ घसरून ओळीत आला, की कागदावर ५२ दिसतात. पोराने बावन्न धरून चोख हिशेब केला तरी उत्तर चूक, आणि मार्क त्याचेच जातात.

अपूर्णांकात तर याहून मोठा घोळ. उदाहरण आपल्या उसाचेच घेऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ दिली. समजा उतारा ११.२५ आहे. त्यातून १०.२५ वजा केले, उरला १. त्याला ०.१ ने भागले, दहा आले. दहा गुणिले ३.४६ म्हणजे ३४.६०. एकूण ३८९ रुपये ६० पैसे. (तोडणी-वाहतुकीचा हिशेब निराळा, तो वाद इथे नको.)

आता हेच एका ओळीत, कंस न घालता लिहून बघा:

३५५ + ११.२५ − १०.२५/०.१ × ३.४६

नियमाप्रमाणे भागाकार-गुणाकार आधी. १०.२५ भागिले ०.१ म्हणजे १०२.५, गुणिले ३.४६ म्हणजे ३५४.६५. ते ३६६.२५ मधून गेले. राहिले ११ रुपये ६० पैसे, तेही क्विंटलला! आकडा एकही चुकलेला नाही, फक्त कंस गळाला.

आता प्रत्यक्ष कृती. कळफलक इंग्रजीवर ठेवावा. अल्ट ही कळ दाबून धरावी आणि बरोबरचे चिन्ह (=) दाबावे. समीकरणाची चौकट उघडते. तिच्यात ३५५ आणि + टाइप करून कंस उघडावा, ११.२५ − १०.२५ लिहावे, कंस पुरा करावा, मग तिरपी रेघ (/), मग ०.१ आणि स्पेसबार. लगेच वरखाली मांडलेला अपूर्णांक उभा राहतो आणि कंस नाहीसे होतात. घाबरू नये. आडवी रेघच आता कंसाचे काम करते. कंस घातलाच नाही, तर रेघेच्या वर एकटे १०.२५ जातात आणि वरचाच घोटाळा होतो.

घातांकासाठी ५^२ लिहून स्पेसबार दाबावा. ^ हे चिन्ह शिफ्ट धरून ६ च्या कळीवर मिळते. आकडा खाली लिहायचा असेल तर त्याच जागी _ वापरावे. वर्गमुळासाठी उलटी तिरपी रेघ, लगोलग एस, क्यू, आर, टी ही अक्षरे आणि मुळाखालची रक्कम कंसात, शेवटी स्पेसबार. चौकटीबाहेर पडायला उजवीकडचा बाण. पाच-सहा गणिते केली की हात बसतो.

शाळेतल्या जुन्या फायलींची मात्र कटकट आहे. वर्डचा जुना समीकरण-संपादक सुरक्षेतील दोषामुळे जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आला. त्यात केलेली गणिते दिसतात, पण त्यात पूर्वीसारखी दुरुस्ती होत नाही. फाइल जुन्या 'डॉक' प्रकारची असेल तर समीकरणाचे बटणही चालत नाही. ती आधी 'डॉकएक्स' म्हणून साठवावी. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असू द्यावा. जुन्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी वळणे बसवलेली असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला की भलतेच उमटते. झेरॉक्सच्या दुकानात न्यायची प्रत तर पीडीएफच करून न्यावी.

ज्यांच्याकडे वर्ड नाही त्यांनी लिबरऑफिस घ्यावे. ते फुकट मिळते आणि त्यातही समीकरणांची सोय आहे. मात्र तिथले लिहिण्याचे नियम थोडे वेगळे आहेत.